भाव पडले होते, मला दिसले नाहीत

दिवाळीत मामाकडे गेलो की फराळानंतरचा विषय ठरलेला असतो. मामा चकली मोडत विचारतो, "काय रे, घेतलंस का घर?" मी नाही म्हणतो आणि तो खूश होतो. "बरं केलंस. फुगा आहे फुगा. अजून वर्षभर थांब, धाडधाड पडतात की नाही बघ." हे मी पहिल्यांदा ऐकलं २०१६ च्या दिवाळीत. यंदा २०२५. मामा अजून तेच म्हणतोय आणि मी अजून पुण्यात वाकडला भाड्याच्या टू बीएचकेमध्येच आहे. मामाचं स्वतःचं घर कोथरूडला, १९९३ साली साडेतीन लाखात घेतलेलं, त्यामुळे त्याला थांबा म्हणायला काय जातंय.

यंदा मात्र बायकोने मधेच विचारलं, "मामा, पडणार म्हणजे किती पडणार हो?"

"चांगले पडणार."

"चांगले म्हणजे? पाच टक्के का तीस टक्के?"

मामाने मामीला चहा टाकायला सांगितला. परत येताना गाडीत मला हसू आवरेना, तर ही म्हणाली, हसतोस काय, तुलाच विचारतेय खरं तर मी, किती? आणि मला सांगता आलं नाही राव. नऊ वर्षं थांबलोय, भाव खाली आले की घेऊ असं दर वर्षी म्हणतोय, पण खाली म्हणजे कुठवर याचा आकडा मी कधी कागदावर सोडा, मनातसुद्धा धरलेला नव्हता. त्या रात्रीपासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतोय.

सुरुवातीपासून सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये आम्ही वाकडला एक बिल्डिंग बघितली, काम चालू होतं, टू बीएचकेचे ५२ लाख, वर स्टॅम्प ड्युटी, टॅक्स, पार्किंग वगैरे धरून ५८ च्या पुढे जात होतं. टोकन द्यायचं का नाही यावर घरात खल चालू असतानाच ८ नोव्हेंबर आला, नोटा बंद झाल्या आणि ऑफिसमधले सगळेच्या सगळे अर्थतज्ज्ञ झाले. सगळा धंदा काळ्या पैशावर चालतो, आता बिल्डर रडत येतील, तीस टक्के तर कुठे जात नाहीत, असे फॉरवर्ड रोजचे दहा. मग मे २०१७ मध्ये बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा आलं, जुलैला जीएसटी आला, कुणालाच काही कळेना, आम्ही म्हटलं बघू जरा धूळ बसू दे.

आणि हे सांगायलाच पाहिजे की तेव्हाचं थांबणं बरोबर होतं. कारण गणित बघा, तेव्हा होमलोन सव्वानऊच्या आसपास, ४२ लाख कर्ज काढलं असतं तर पहिल्या महिन्यात नुसतं व्याजच ३२ हजार, आणि त्याच एरियात तसल्याच फ्लॅटचं भाडं १६ हजार. म्हणजे भाड्याने राहणारा महिन्याला १६ हजार वाचवत होता आणि तिकडे फ्लॅटचा भाव जागचा हलत नव्हता. २०१८ ला विचारलं तेव्हा तेच ५२, २०१९ ला ५३. त्यामुळे भाड्यात पैसे पाण्यात जातात हे जे आपल्याकडे आईपासून वॉचमनपर्यंत सगळे सांगतात ते काही दर वेळी खरं नसतं. त्या चार वर्षांत पाण्यात गेले असते ते व्याजाचे.

गडबड झाली ती पुढे.

२०२० चा ऑक्टोबर. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळजवळ २४ टक्क्यांनी आपटलेला, आमचं वर्क फ्रॉम होम, अर्धं वाकड रिकामं कारण आयटीतली पोरं लॅपटॉप घेऊन लातूर, अकोला, कोल्हापूर आपापल्या गावी गेलेली. आमच्या घरमालकांनी स्वतःहून फोन करून भाडं १८ चं १६ केलं, म्हणाले सोडून जाऊ नका फक्त. सरकारने १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केलेली आणि पुढे मार्चपर्यंत २ टक्क्यांनी कमी राहणार असं जाहीर केलेलं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्के, त्यामुळे होमलोन सातच्या आत. आम्ही परत त्याच बिल्डिंगमध्ये गेलो. आता ती बांधून तयार होती, काम पूर्ण झाल्याचा दाखला (कम्प्लिशन) मिळालेला, म्हणजे जीएसटीची पण भानगड नाही.

ते सेल्स ऑफिस मला अजून आठवतंय. एसी बंद, खिडक्या उघड्या, टेबलावर सॅनिटायझरची मोठी बाटली आणि आमच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नाही. भिंतीवरच्या रेटच्या बोर्डावर तोच जुना भाव. सेल्सचा पोरगा, मास्क नाकाखाली, म्हणाला, "सर, रेट खाली नाही होणार, ते मॅनेजमेंटकडून फिक्स आहे." आणि मग कॉस्ट शीट उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने लिहायला लागला. पार्किंगवर काट. फ्लोअर राईज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, त्याच्यावर काट. दोन वर्षांचा मेंटेनन्स ॲडव्हान्स, त्याच्यावर काट. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन आमच्याकडून. खाली एक आकडा लिहून गोल केला: ५४. "बॉक्स प्राईस सर. यात सगळं आलं. हे पान मात्र मी तुम्हाला देऊ शकत नाही." आणि खरंच त्याने ते पान फाडून खिशात घातलं.

आठव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला, बाल्कनीतून हायवे दिसत होता आणि हायवेवर गाड्या नव्हत्या. बायको म्हणाली घेऊया. मी म्हटलं, अगं थांब, ऑक्टोबरमध्ये हा स्वतःहून एवढा खाली येतोय म्हणजे मार्चमध्ये पाया पडेल. लोकांच्या नोकऱ्या चालल्यात, अजून खरी पडझड व्हायचीय. घरी येऊन मी एक्सेलसुद्धा केलं, त्यात खालच्या बाजूला जाणारी लाल रेघ होती. ती फाईल अजून ड्राइव्हवर आहे, डिलीट करवत नाही.

आता इंडेक्स टू बद्दल सांगतो, कारण माझे डोळे त्याने उघडले आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. महाराष्ट्रात घराचा दस्त नोंदवला की त्याचा इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सारांश, तयार होतो आणि नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च करून तो कुणालाही बघता येतो. जिल्हा, गाव, वर्ष, सर्व्हे नंबर टाकायचा, तो वैताग कॅप्चा दोन-चारदा चुकवायचा, मग यादी येते. त्यात मोबदला असा एक रकाना असतो आणि त्याखाली बाजारभाव. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, धरलेली. बिल्डरच्या बोर्डावर काय आहे, ऑनलाईन जाहिरातीत काय आहे, ब्रोकर काय सांगतो हे सगळं एका बाजूला आणि लोकांनी सही कुठल्या आकड्यावर केली ते इथे.

यंदा दिवाळीनंतर एका रात्री मी त्या बिल्डिंगचं २०२० साल उघडून बसलो. डिसेंबरमध्ये नुसती रांग लागलीय दस्तांची, सगळे ३१ तारखेच्या आधी स्टॅम्प भरायला धावलेले. एकेक उघडत गेलो आणि आठवा मजला आला. आम्ही बाल्कनीत उभे होतो तोच फ्लॅट. मोबदला ४९,५०,०००. घेणारे नवरा-बायको, वय ३१ आणि २९. आमच्यापेक्षा लहान. बराच वेळ मी त्या वयांकडेच बघत होतो.

२०१६ ला जो ५२ होता तो २०२० ला साडेएकोणपन्नासला गेला. बघायला गेलं तर पाचच टक्के कमी, मामा याला पडणं म्हणणारच नाही. पण मधल्या चार वर्षांची महागाई धरा, म्हणजे तोच फ्लॅट जवळजवळ पाचव्या हिश्श्याने स्वस्त झाला होता. वर माझा पगार वाढलेला. वर व्याज सव्वानऊचं सातच्या आत आलेलं. ३९ लाख ६० हजार कर्ज, वीस वर्षं, ६.९ टक्के, हप्ता बसतो साडेतीस हजार. आज मी भाडं किती देतो? २८ हजार.

म्हणजे ज्याची चार वर्षं वाट बघत होतो ती पडझड येऊन गेली, मी तिच्या मधोमध मास्क लावून उभा होतो आणि सेल्सच्या पोराला विचारत होतो की अजून कधी पडणार.

बोर्डावरचा भाव कधी खाली येत नाही याला कारणं आहेत, पण ती मला खूप उशिरा कळली. एक तर बिल्डरने उघड भाव उतरवला की आधी ज्यांनी जास्त दराने घेतलंय ते सगळे ऑफिसात येऊन बसतात, आमचे पैसे परत द्या म्हणून. दुसरं, त्याने प्रोजेक्टवर जे कर्ज उचललेलं असतं ते त्या भावाच्या हिशोबाने उचललेलं असतं, भाव उतरला की बँकेचा फोन. आणि तिसरं म्हणजे रेडी रेकनर. करार रेकनरच्या खाली केला तरी स्टॅम्प ड्युटी रेकनरवरच बसते, आणि फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर तो फरक इन्कम टॅक्सवाले दोघांच्याही उत्पन्नात धरू शकतात, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्याही. त्यामुळे सूट मागच्या दाराने येते. स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून, मॉड्युलर किचन फ्री, पझेशनपर्यंत ईएमआय नाही, आत्ता दहा टक्के बाकी नंतर. आपल्याला वाटतं ही दसऱ्याची ऑफर आहे. अरे बाबा तोच भाव पडलाय, फक्त कपडे बदलून आलाय.

पुढचं सगळ्यांना माहितीय. २०२२ पासून ऑफिसं उघडली, गावाला गेलेली पोरं एकदम परत आली, भाडं १६ वरून २४ वर आणि आता २८. त्याच बिल्डिंगमधले फ्लॅट आज ८८ लाख सांगतात. माझे १५ लाख २०२० मध्ये सव्वापाच साडेपाच टक्क्यांच्या एफडीत पडले होते, घर माझ्या एफडीपेक्षा कितीतरी जोरात पळालं. तेव्हा ५४ मधून कर्ज वजा जाता पदरचे साडेचौदा लाख घातले असते तर काम झालं असतं. आज ८८ च्या घराला बँक ८० टक्के देणार, उरलेले साडेसतरा लाख आपले, वर सात टक्के स्टॅम्प ड्युटी, वर ३० हजार रजिस्ट्रेशन, म्हणजे साधारण २४ लाख रोख पाहिजेत. पाच वर्षं काटकसर करून मी २५ पर्यंत आलोय. धावत धावत होतो तिथेच.

पण म्हणून उठा आणि घ्या असंही मी म्हणणार नाही, कारण घाईची पण उदाहरणं डोळ्यासमोर आहेत. ओळखीतल्या एकाने नंतर परवडणार नाही या धास्तीने २०१८ मध्ये बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी बुक केलं, ताबा मिळायला चार वर्षं उशीर, तोपर्यंत इकडे भाडं आणि तिकडे प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधीचं नुसतं व्याज, दोन्हीकडून सोलून निघाला. ऑफिसातला दुसरा, त्याने २०२१ ला ६.७ टक्क्यांनी ५० लाख घेतले, हप्ता ३७,९०० च्या आसपास. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ वर गेला. ९.२ टक्क्यांनी ५० लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच होतं ३८,३००. म्हणजे जुन्या हप्त्यात मुद्दल फिटायचं नावच नाही, कर्ज आहे तिथेच. बँकेने आधी मुदत ताणली, मग हप्ता वाढवला, तो बिचारा डब्यात रोज भाजी पोळी खाताना ॲप उघडून किती वर्षं राहिली ते बघायचा. तरीसुद्धा आज त्याचं घर आहे आणि माझं नाही, हे पण आहेच.

आणि भाव खरंच निम्मे होतात का कुठे? होतात. बायकोचा भाऊ डब्लिनला असतो, तिथे २००७ नंतर पाच-सहा वर्षांत घरं निम्म्याहून खाली आली होती. मी त्याला व्हिडिओ कॉलवर मोठ्या उत्साहाने विचारलं, मग त्या वेळी लोकांनी धडाधड घेतली असतील ना? तो म्हणाला, दाजी, तिथल्या जुन्या लोकांना विचारा, कोण घेणार होतं, बँकाच बुडालेल्या, कर्ज द्यायला कुणी नाही, निम्म्यांच्या नोकऱ्या गेलेल्या किंवा जातील म्हणून जीव मुठीत. ज्यांच्याकडे रोख होती त्यांनी घेतली.

हे ऐकून मला जरा गारच वाटलं. कारण वाकडचा भाव निम्मा व्हायला काय व्हावं लागेल? हिंजवडी, म्हणजे इथलं आयटी पार्क, बसावी लागेल. आणि हिंजवडी बसली तर मी कुठे असणार? मी तिथेच नोकरीला आहे की. म्हणजे ज्या दिवशी मला परवडेल असा भाव येणार त्या दिवशी माझ्या हातात पगाराची स्लिप असेल याची काही खात्री नाही, आणि स्लिप नसेल तर बँक दारात उभी करणार नाही. हा भाग माझ्या एक्सेलमध्ये नव्हता. मामाच्या फुग्यातपण नव्हता.

यंदा फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो ६.५० चा ५.५० झाला. ६० लाखांच्या कर्जाला साडेआठ आणि साडेसात यात महिन्याला ३,७०० रुपयांचा फरक पडतो, कमी नाही. बिल्डर लोकांच्या जाहिरातीत परत स्टॅम्प ड्युटी फ्री दिसायला लागलंय, आणि आता मला त्याचा अर्थ कळतो. त्यामुळे पडतायत का चढतायत यावर चर्चा करायची नाही असं आम्ही घरात ठरवलंय. बायकोने दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि लिहिलं: सगळं धरून ८५ च्या वर नाही. हप्ता ५२ हजारांच्या वर नाही. सहा महिन्यांचे हप्ते बँकेत बाजूला राहिले पाहिजेत. रीसेल चालेल. पोराची शाळेची बस यायला पाहिजे. दस्त तिच्या एकटीच्या नावावर, कारण बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी, तिचं म्हणणं ऐंशी हजार वाचतात आणि घरही तिच्या नावावर होतं. आणि शेवटी अधोरेखित करून: उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारणे. हे शेवटचं वाकड, पुनावळे, ताथवडे भागात राहिलेल्या माणसालाच कळेल, मेंटेनन्सचा अर्धा पैसा मे महिन्यात टँकरमध्ये कसा जातो ते.

दिवाळीनंतर चार घरं बघितली. तिसरं आवडलं. दहा वर्षं जुनी सोसायटी, चौथा मजला, कार्पेट ६८० स्क्वेअर फूट, कन्व्हेयन्स झालेलं म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, मालकांचं लोन मागच्याच वर्षी फिटलेलं त्यामुळे मूळ कागद घरात. किचनच्या ओट्याखाली थोडी ओल आहे, ती मी बोट लावून बघितली आणि बायकोने डोळे वटारले. मालक म्हणजे साधारण साठीचे काका, मुलगी बंगळूरला, विकून तिच्याजवळ जायचंय. ८४ सांगत होते. मी आदल्या रात्री त्यांच्या सोसायटीचे या वर्षीचे तीन इंडेक्स टू काढून ठेवलेले, ७८, ७९ आणि ८१. प्रिंट काढून नेले होते पण बाहेर काढायचा धीर झाला नाही, नुसतं तोंडी म्हटलं, काका, ७९ ला द्या, पुढच्या आठवड्यात टोकन देतो. काकांनी चहा दिला, वाईट वाटून घेतलं नाही, म्हणाले घरात बोलतो आणि रविवारी सांगतो.

तो आठवडा आम्ही त्या घरात मनाने राहून पण आलो. पोराने खोली वाटून घेतली. मी हॉलमध्ये पुस्तकांचं कपाट कुठे बसेल ते ठरवलं. बायको आता ८० ला पण हो म्हणू म्हणायला लागली होती.

रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, "माफ करा हं, पण आम्ही जरा थांबायचं म्हणतोय. आमचा मेव्हणा म्हणतो की हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो एकदा सुरू झाली की या भागातले भाव वाढणारेत. आत्ता विकून नुकसान कशाला?"

बायकोने विचारलं, "काका, किती वाढणार म्हणतात ते?"

काका जरा थांबले. म्हणाले, "चांगले वाढणार म्हणाला."